ओक्स्टाटसाहेबांचं जाकीट श्वास घेत आहे

चामड्याचं जाकीट घरच्या घरी रंगवायला मनाई आहे, असा कायदा ओक्स्टाटसाहेबांना कुठेच सापडला नाही. दोन दिवस शोधला. सापडला असता तर बरं झालं असतं, असं पुढे अनेकांना वाटलं.

फ्रीडहेल्म ओक्स्टाट यांनी जर्मनीतल्या ओफेनबाखच्या नगरपालिकेत चौतीस वर्षं कुत्र्यांवरचा कर गोळा केला होता. एवढी वर्षं हे काम केलेला माणूस निवृत्त झाला तरी नळ सोडण्याआधी परवानगी लागते का ते बघतो. त्यांनी स्वतः कुत्रा कधीच पाळला नाही. पदावरच्या माणसाचा हितसंबंध आड येऊ नये म्हणून, असं त्याचं उत्तर त्यांनी तयार ठेवलं होतं. पण कुणी विचारलंच नाही, त्यामुळे उत्तर कोरंच राहिलं.

जाकीट रंगवण्याच्या मुळाशी होता एक फोटो. जून महिन्यात इमारतीच्या मागच्या अंगणात सगळ्या भाडेकरूंचं खाणंपिणं होतं. सॉसेज, बटाट्याचं सॅलड, सफरचंदाची वाइन आणि गेल्या वर्षीच्या पावसाच्या आठवणी. इमारतीची देखभाल करणाऱ्या काचमारेकनं सगळ्यांचा फोटो काढला, मोठा करून दारातल्या फलकावर लावला आणि खाली डावीकडून उजवीकडे नावं टाइप केली. ओक्स्टाटसाहेबांनी माणसं मोजली, आठ भरली. नावं मोजली, सात भरली. त्यांचं जाकीट होतं बिस्किटी रंगाचं. ते ज्या भिंतीपुढे उभे होते तीही बिस्किटी. तळमजल्यावरचे ग्राउलआजोबा आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शाउबबाई यांच्या मधोमध एक डोकं हवेत तरंगत होतं, तेही टक्कल पडलेलं, म्हणजे बिस्किटीच.

त्यांनी काचमारेकला गाठून हे सांगितलं. घरी तीनदा म्हणून पाहिलेल्या हलक्याफुलक्या सुरात सांगितलं. काचमारेकनं चष्मा चढवला आणि फोटोला नाक लावलं.

"हे तुम्ही होय? मला वाटलं पावसाच्या पाण्याचा पाइप आहे."

"मी पाइपच्या डावीकडे आहे."

"अस्सं. मग पाइप फारच छान आलाय."

तरी माणूस कामाचा पक्का. संध्याकाळपर्यंत त्यानं दुरुस्ती केली. सात नावांच्या खाली बॉलपेननं लिहिलं, 'तसेच ओक्स्टाट.'

त्या 'तसेच'कडे ओक्स्टाटसाहेब बराच वेळ बघत होते. मग वर गेले, जाकीट खुंटीवरून काढलं आणि ठरवलं, लाल. साधासुधा लाल नव्हे, तर जुन्या वाइनसारखा गडद, भिंतीपासून, पाइपपासून आणि सर्वसाधारण जगापासून वेगळा दिसेल असा. नवंच लाल जाकीट घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यासाठी दुकानात आरशापुढे उभं राहावं लागतं आणि मागून एक विक्रेता 'शोभतंय तुम्हाला' म्हणतो. असल्या प्रसंगी चेहरा कसा ठेवायचा हे ते कधी शिकलेच नव्हते.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं नुसतं रंगकाम राहिलं नाही, ती सांगायला हवी. ओक्स्टाटसाहेबांना 'तू' म्हणणारं जगात कुणी उरलं नव्हतं. शेवटची होती त्यांची बहीण आनेलोरे. दर रविवारी साडेअकराला तिचा गीसेनहून फोन यायचा. 'जेवलास का' एवढं विचारून ती पाऊण तास स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलायची. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून डॉक्टर, पोस्टमन, बेकरीवाली, सगळे अहो-जाहो. फक्त एका फर्निचरच्या दुकानाचं जाहिरातपत्रक त्यांच्याशी एकेरीत बोलायचं: 'तुझ्या घराला शोभेल असं कपाट!' ओक्स्टाटसाहेबांना कपाट नको होतं. पण पत्रक ते दोनदा वाचत आणि रद्दीत टाकायला आठवडाभर विसरत.

'अहो'वरून 'अरे'वर आपोआप घसरता येत नाही. रीतसर सुचवावं लागतं. ग्लासाला ग्लास लावायचा, आपलं पहिलं नाव सांगायचं, झालं. पण सुचवायचं कुणी? वयानं मोठा असेल त्यानं, हा एक नियम. बाई आणि पुरुष असतील तर बाईनं, हा दुसरा. शाउबबाई ओक्स्टाटसाहेबांपेक्षा सात आठवड्यांनी लहान होत्या. म्हणजे पहिला नियम साहेबांकडे बोट दाखवत होता आणि दुसरा बाईंकडे. अशा वेळी निकाल कुणी द्यायचा याची तरतूद कुठेही नाही. त्यामुळे गेली एकोणीस वर्षं दोघं जिन्यात भेटली की 'नमस्कार शाउबबाई', 'नमस्कार ओक्स्टाटसाहेब' एवढं बोलून एकमेकांना वाट देत होती. ऑक्टोबरमध्ये नव्या वाइनचा ग्लास घेऊन सगळे पुन्हा अंगणात जमणार होते. लाल जाकिटातला माणूस बाईंना दिसला, दिसून हातातला ग्लास जरा वर गेला, तर? एवढाच काय तो साहेबांचा बेत. त्यांनी तो स्वतःलाही एकदम सांगितला नव्हता, हप्त्याहप्त्यानं सांगितला होता.

आता, ओफेनबाखमध्ये सत्तरीच्या पुढचा माणूस आणि चामडं यांची ओळख करून द्यावी लागत नाही. निम्मं गाव पर्सा, पाकिटं आणि पट्टे करण्यात म्हातारं झालं आहे. खुद्द शाउबबाईंनी पंचवीस वर्षं बॅगांच्या कारखान्याच्या रंगखात्यात काढली होती. जाकीट रंगवण्याबद्दल त्यांच्याइतकं कुणालाच कळत नसणार. पण त्यांना विचारायचं तर नमस्काराच्या पुढचं वाक्य लागलं असतं. म्हणून ओक्स्टाटसाहेब तीन जिने उतरून ग्राउलआजोबांकडे गेले.

ग्राउलआजोबा ब्याऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं त्यांनी पर्सांचं चामडं कापलं होतं. रंग त्यांनी कापायच्या टेबलावरून, खिडकीच्या काचेतून, दुसऱ्या इमारतीत चाललेला पाहिला होता. तरी त्यांनी दोन तास सल्ला दिला. आधीची चकाकी स्पिरिटनं पुसून काढा. रंग लोकरीच्या बोळ्यानं लावा, गोल गोल, पातळ. इथपर्यंत सगळं ठीक होतं. बाटलीवर मात्र बारीक अक्षरांत लिहिलं होतं की रंग वाळल्यावर वरून पक्कं करणारं लेपण लावावं, नाहीतर रंग सुटतो. ते ऐकून आजोबा दुखावले.

"बाटलीला काय कळतंय? चामडं जिवंत असतं, साहेब. त्याला तीन दिवस श्वास घेऊ द्या. लगेच लेपण थापलंत तर गुदमरेल बिचारं."

ओक्स्टाटसाहेबांनी वहीत लिहून घेतलं: 'श्वास – तीन दिवस.' एकीकडे छापील सूचना आणि दुसरीकडे जिवंत तज्ज्ञ. नोकरीत असते तर त्यांनी छापील सूचनेची बाजू घेतली असती. पण आजोबांनी बोलता बोलता दोनदा त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

शनिवारी स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं अंथरून काम सुरू झालं. स्पिरिटचा असा वास सुटला की खिडकीतल्या माश्या एकाएकी विचारी दिसू लागल्या. रंगाचा पहिला हात बरा बसला. दुसऱ्या हाताच्या वेळी हातमोज्याचा अंगठा फाटला आणि साहेबांचा उजवा हात मनगटापर्यंत लाल झाला. तो साबणानं निघेना, लिंबानं निघेना, भांडी घासायच्या तारेनं निघेना. फक्त दुखायला लागला.

सोमवारी सकाळी ते तसेच बेकरीत गेले. वाटेत त्यांनी एक वाक्य जुळवलं होतं. बेकरीवाली विचारील, 'अहो, हाताला काय झालं?' मग ते म्हणतील, 'कुत्र्यांच्या कराच्या थकबाकीदारांना शेवटी असं वसूल करावं लागतं.' वाक्य वाईट नव्हतं. बेकरीवालीनं हाताकडे पाहिलं, दोन पाव पिशवीत घातले आणि आज ढगाळ राहील म्हणाली. मागे रांगेत चार माणसं होती. त्यातल्याही कुणी विचारलं नाही. वाक्य घेऊन साहेब घरी आले आणि ते त्यांनी स्वयंपाकघरात जाकिटाला म्हणून दाखवलं.

अर्धी बाटली रंग उरला होता. दुसरा कुणी असता तर झाकण लावून विसरला असता. ओक्स्टाटसाहेब नगरपालिकेत गेले आणि नंबराचा कागद घेऊन बसले. घातक द्रव्यांचा विभाग दोनशे बारा नंबरच्या खोलीत हलवला होता. दोनशे बारा म्हणजे चौतीस वर्षं त्यांचीच खोली. खुर्चीवरच्या अधिकारी बाई चांगल्या होत्या, हसतमुख. उरलेला रंग सात आठवड्यांनंतरच्या तारखेला आणून द्यावा, तोपर्यंत बाटली उभी, मूळ लेबलासह, पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवावी, असं त्यांनी सांगितलं. मग अर्जात भरायचं म्हणून विचारलं, कुत्रा आहे का? साहेब म्हणाले, नाही. त्यांचं कॅलेंडर जिथे असायचं तिथला खिळा अजून तसाच होता. "ही खोली माझी होती," ते म्हणाले. त्यावर त्या बाईंचा आवाज एकदम मऊ आणि मोठा झाला आणि त्यांनी एकेक शब्द सुटा करून लिफ्ट कुठे आहे ते समजावलं.

सात आठवडे घातक द्रव्य घरात बाळगणं साहेबांच्या प्रकृतीला झेपणारं नव्हतं. त्यांनी कायदेशीर मार्ग काढला. उरलेला रंग संपवायचा, म्हणजे तो उरलेला राहत नाही. त्या संध्याकाळी जाकिटाला तिसरा हात बसला, चौथा बसला, बाटली पालथी धरून पाचवाही बसला. जाकीट आता वाइनच्या रंगाचं राहिलं नव्हतं, वाइन प्यायलेलं दिसत होतं.

बाल्कनीत कपडे टांगायला इमारतीच्या नियमांत मनाई. तळघरात कपडे वाळवायची खोली आहे, तिथे प्रत्येकाचा वार ठरलेला. ओक्स्टाटसाहेबांचा मंगळवार. मंगळवारी सकाळी त्यांनी जाकीट खाली नेऊन टांगलं. संध्याकाळी खोली मोकळी करणं नियमानुसार बंधनकारक होतं. पण तीन दिवस श्वास घेऊ देणं चामड्याच्या दृष्टीनं बंधनकारक होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नियम मोडायचं ठरवलं, आणि ते बेकायदेशीर वाटू नये म्हणून जाकिटाला एक चिठ्ठी टाचली.

'माननीय सहरहिवासी, आपल्या नियोजित वारी आपल्या दोरीलगतची अल्प जागा व्यापली गेल्याबद्दल आगाऊ दिलगिरी व्यक्त करून नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो की सदर वस्त्र तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार श्वास घेत असल्याने, त्याच्या संपर्कात आपले कपडे आल्यास, कृपया मागे पाहा.'

रंग ओला आहे, हे मागे होतं.

बुधवार शाउबबाईंचा. त्यांनी त्या दिवशी आईच्या हातच्या चादरी धुतल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, कोपऱ्यात आद्याक्षरं भरलेल्या सहा चादरी. चिठ्ठी त्यांनी चष्मा नसताना 'दिलगिरी'पर्यंत वाचली, इमारतीत आजकाल कोण कशाची माफी मागेल याचा नेम नाही असं मनाशी म्हणाल्या आणि पंखा लावून वर गेल्या. मग दुपारभर तळघरात पंख्याच्या वाऱ्यावर सहा चादरींनी आळीपाळीनं त्या जाकिटाला मिठ्या मारल्या.

चारच्या सुमाराला ओक्स्टाटसाहेबांच्या दारावर थाप पडली. घंटा असताना थाप. त्यांनी दार उघडलं. शाउबबाईंच्या हातात चादर होती आणि चादरीवर एका लाल, बाह्या पसरलेल्या माणसाची आकृती होती.

"हे तू केलंस?" बाई म्हणाल्या. "माझ्या आईनं डोळे फोडून भरलेली अक्षरं आहेत ती. तुला अक्कल आहे का रे? लेपण न लावता टांगतं का कुणी? पंचवीस वर्षं रंगखात्यात घालवली मी. एक जिना उतरून विचारायला पाय मोडले असते का तुझे? आणि त्या कापणाऱ्या ग्राउलला विचारतोस? आत्ताच सांगितलं त्यानं. हसतोस काय असा?"

आपण हसतोय हे साहेबांना ठाऊक नव्हतं. त्यांनी हात लावून पाहिलं तर खरंच तोंड कानांपर्यंत गेलेलं होतं. ते काहीतरी म्हणणार होते, भरपाईबद्दल, पंख्याबद्दल, पण तेवढ्यात बाई चादरीसह जिना उतरून गेल्या. खालच्या वळणावर काचमारेक फरशी पुसत होता. त्याचा फडका मध्येच थांबला होता.

त्या संध्याकाळी ओक्स्टाटसाहेबांनी दोन अंडी उकडली आणि शेवटच्या वाक्यापासून पहिल्यापर्यंत सगळं पुन्हा आठवलं. एकंदरीत पाच वेळा त्या एकेरीवर आल्या होत्या. 'अक्कल आहे का रे' हे तर आनेलोरेच्या तोडीचं होतं.

पण जर्मन माणसाचा राग दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येतो आणि कागद शोधतो. काचमारेकनं सगळा प्रकार इमारतीच्या व्यवस्थापनाला कळवला. शुक्रवारी व्यवस्थापनाचं पत्र आलं. रहिवाशाला जिन्यात एकेरीत संबोधल्याची घटना गंभीर असून आपली तक्रार आहे काय? होय आणि नाही अशा दोन चौकटी होत्या. साहेबांनी 'नाही'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, 'उलट.' सोमवारी अर्ज परत आला. 'उलट' हा पर्याय उपलब्ध नव्हता.

त्याच टपालपेटीत एक कार्ड होतं, निळ्या शाईनं, शाळेतल्यासारख्या अक्षरात. 'माननीय श्री. ओक्स्टाट, बुधवारी रागाच्या भरात माझ्याकडून आपला एकेरी उल्लेख झाला. मला त्याची शरम वाटते. असं पुन्हा होणार नाही. आपली नम्र, रोस्विटा शाउब.'

एकोणीस वर्षांतलं बाईंचं हे पहिलं पत्र. साहेब टपालपेटीपाशी उभे राहून ते वाचत होते. शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. चौतीस वर्षांत त्यांच्याकडे शेकडो माफीपत्रं आली होती. कर भरायला उशीर झाला, कुत्रा लपवला, कुत्र्याला मांजर म्हणून दाखवलं. सगळी त्यांनी स्वीकारली होती. माफी फेटाळायची कशी, याचा त्यांना काहीच अनुभव नव्हता.

दोन दिवस त्यांनी तयारीत काढले. बुधवारी चारला, म्हणजे कॉफीच्या वेळेला, ते जाकीट घालून एक जिना उतरले आणि त्यांनी घंटा वाजवली. दार उघडलं. बाईंच्या मागे बोळात खोकी रचून ठेवली होती.

"तुमची माफी मला मंजूर नाही," साहेब म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग जाकिटाकडे. "लेपण अजून लावलं नाहीत."

"मी माफीबद्दल बोलतोय."

"तक्रार करायची असेल तर करा. माझं चुकलंय, मी नाही म्हणत नाही."

"तक्रार नाही. तुम्ही लिहिलंय, पुन्हा होणार नाही. तेवढं वाक्य मागे घ्यावं, अशी विनंती आहे."

जिन्यातला दिवा दोन मिनिटांनी आपोआप विझतो, तसा तो विझला. बाईंनी हात लांब करून बटण दाबलं. उजेडात त्यांचा चेहरा आधीपेक्षा वेगळा दिसला, किंवा साहेबांना तसं वाटलं.

"एकोणीस वर्षं तुम्ही सुचवलं नाहीत," बाई म्हणाल्या. "सात आठवड्यांनी मोठे तुम्ही. दर वर्षी अंगणात मी ग्लास भरून तुमच्या शेजारी येऊन उभी राहायची."

"बाईंनी सुचवायचं असतं."

"कुठे लिहिलंय?"

कुठे लिहिलंय ते साहेबांना माहीत होतं. ते सांगू लागले, पानाच्या क्रमांकासकट. बाईंनी हात वर केला.

"मी तीस तारखेला फुल्डाला चाललेय. बहिणीकडे, कायमची. चादरी त्यासाठीच धुतल्या होत्या, नेताना स्वच्छ असाव्यात म्हणून."

ओक्स्टाटसाहेबांनी खोक्यांकडे पाहिलं. वरच्या खोक्यावर 'कप' असं लिहिलं होतं. दोन कप मात्र अजून बाहेर, आरशाखालच्या फळीवर होते. ते मनातल्या मनात तारखा मोजू लागले.

"म्हणजे एकोणीस दिवस," ते म्हणाले.

"अठरा. तीसला सकाळीच ट्रक येईल."

दिवा पुन्हा विझला. या वेळी बटण कुणीच दाबलं नाही. अंधारात जाकिटाचा स्पिरिटचा वास तेवढा दोघांच्या मध्ये उभा होता. खाली कुठेतरी बादलीचा आवाज झाला आणि थांबला.

"आत ये," शाउबबाई म्हणाल्या. "आणि ते जाकीट बाहेरच काढून ठेव. माझ्या भिंती रंगवून द्यायच्या नाहीत तुला."

ओक्स्टाटसाहेबांनी जाकीट काढलं आणि दाराच्या मुठीला अडकवलं.

फुल्डा काही फार लांब नाही, असं दोघांनीही त्या अठरा दिवसांत बरेचदा म्हटलं. लांब नसलेल्या गावाला माणूस सावकाश जाऊ म्हणतो. लेपण बाईंनीच लावून दिलं, दोन हात, कॉलरपासून काठापर्यंत. त्यानंतर जाकिटाचा रंग कुठेही लागला नाही. पण ती मूठ लाल झाली ती झालीच. काचमारेकनं तीन तऱ्हेच्या पावडरी घासून पाहिल्या आणि नाद सोडला. तिथे आता मारबुर्गहून आलेलं एक जोडपं राहतं. फार सभ्य माणसं. जिन्यात भेटली की भिंतीला टेकून वाट देतात, जाकीट काय सुंदर आहे म्हणतात, 'नमस्कार, ओक्स्टाटसाहेब' म्हणतात, आणि ती लाल मूठ फिरवून आत जातात.